कांदळवनातल्या समुद्रवाटेत बुडी मारण्यापूर्वी

स्कूबाचे प्राथमिक प्रमाणपत्र मिळाल्यावर इंडोनेशियातील राजा अंपात द्वीपसमूहाचा बेत आखणाऱ्या वाचकांचा एका जागेविषयी हमखास गोंधळ होतो. वाइगेओ आणि गाम या दोन बेटांमधून जाणारी ही अरुंद समुद्रवाट पाणबुड्यांमध्ये ‘द पॅसेज’ या नावाने ओळखली जाते. सर्वांत चिंचोळ्या भागात तिची रुंदी जेमतेम २०-३० मीटर भरते, दोन्ही काठांवर चुनखडीचे कडे व त्यांच्या पायथ्याशी खारफुटी आहे, आणि त्या खारफुटीच्या मुळांपासून हातभर अंतरावर मऊ प्रवाळ, समुद्रपंखे आणि स्पंज दाटीने वाढलेले आहेत. छायाचित्रांत ती एखाद्या संथ नदीसारखी दिसते आणि बहुतेक बुड्या २० मीटरांच्या आतच होतात, त्यामुळे ही जागा नवशिक्यांसाठी सोपी असावी असा समज पसरतो. तो समज चुकीचा आणि धोक्याचाही आहे, कारण ही नदी नसून दोन समुद्रभागांना जोडणारी खाऱ्या पाण्याची वाट आहे, भरती-ओहोटीच्या ओघात तिच्यातून पाणी पुरातल्या ओढ्यासारखे धावते, आणि येथे उतरावे की नाही हा निर्णय खोली पाहून नव्हे, तर पाण्याची वेळ पाहून करावा लागतो.

प्रथम स्वतःची पात्रता तपासावी

मालवण, तारकर्ली किंवा गोव्यात प्रशिक्षकाने पाठीमागून धरून घडवलेली बुडी हा समुद्राची ओळख करून देणारा उत्तम अनुभव असला, तरी ते प्रमाणपत्र नव्हे, हे येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. अशा परिचय-बुडीत हवेचा हिशेब, तरंगण्याचे नियंत्रण आणि दिशा या तिन्ही गोष्टी प्रशिक्षक सांभाळतो, तर प्रवाहाच्या अरुंद वाटेत त्या प्रत्येकाला स्वतःच सांभाळाव्या लागतात. ‘ओपन वॉटर’ हे पहिले प्रमाणपत्र साधारणपणे १८ मीटरांपर्यंतच्या बुडीची मुभा देते आणि कागदोपत्री तेवढे येथे पुरेसे ठरते. परंतु अनुभवाच्या दृष्टीने ते पुरेसे नाही. वाहत्या पाण्यात उतरण्याचा विचार करण्यापूर्वी पुढील गोष्टी आपल्याला विनासायास जमतात का, हे प्रामाणिकपणे पाहावे:

- तळाला, भिंतीला किंवा मुळांना हात न लावता एकाच खोलीवर निश्चल राहणे;
- पाण्याखालून एसएमबी, म्हणजे पृष्ठभागावर आपली जागा दाखवणारी फुगवण्याची उंच रंगीत नळी, स्वतः सोडणे आणि तिची दोरी अंगाभोवती गुंतू न देणे;
- प्रवाहाबरोबर वाहत जाण्याच्या किमान काही बुड्या मोकळ्या समुद्रात, जाणत्या वाटाड्याबरोबर केलेल्या असणे;
- जोडीदार दिसेनासा झाला तर घाबरून वर न धावता ठरलेली पद्धत पाळणे.

यांपैकी पहिली गोष्ट जमत नसेल तर बाकीच्यांचा विचार पुढे ढकलावा. अरुंद वाटेत तोल गेलेला पाणबुड्या एकतर प्रवाळावर आदळतो किंवा नकळत पृष्ठभागावर, होड्यांच्या मार्गात येतो.

खारफुटीजवळचे पाणी वेगळे का वागते

सर्वसाधारणपणे कांदळवन आणि प्रवाळ शेजारी नांदत नाहीत. कोकणातील खाड्यांमध्ये कांदळ आणि तिवर जिथे वाढतात तिथे नद्यांनी आणलेला गाळ असतो, आणि गाळाने प्रवाळाचा जीव गुदमरतो. वाइगेओ-गामच्या या भागात चुनखडीच्या उभ्या कड्यांमुळे गाळ कमी येतो आणि जो येतो तो भरती-ओहोटीचा जोरकस प्रवाह वाहून नेतो. त्याच प्रवाहावर आलेले सूक्ष्म जीव गाळून खाणारे स्पंज व मऊ प्रवाळ म्हणूनच येथे इतके फोफावले आहेत. वाचकाच्या निर्णयापुरता याचा अर्थ असा, की ज्या प्रवाहाची भीती वाटते त्याच प्रवाहावर येथील सौंदर्य पोसलेले आहे, आणि प्रवाह मुळीच नसलेली वेळ शोधायची असेल तर ती फार थोडी मिळणार, हे गृहीत धरावे.

पावसानंतर आणखी एक बदल जाणवतो. जमिनीवरून आलेले गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर थर करून राहते आणि जिथे हे दोन थर मिसळतात तिथे तेल सांडल्यासारखे धूसर दिसते. मुखवट्यावर वाफ धरली असे वाटून तो सारखा साफ करत बसण्यात अर्थ नसतो. थोडे खाली किंवा वर सरकले की दृष्टी स्वच्छ होते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे साहित्यासह १०० किलो भरणाऱ्या व्यक्तीच्या तरंगण्यात या दोन पाण्यांमध्ये सुमारे अडीच किलोंचा फरक पडतो, म्हणून वरच्या थरात आल्यावर अचानक जड वाटू लागल्यास तो साहित्यातील बिघाड समजू नये.

पाणी थांबते केव्हा

सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातील ठोकताळा अनेक वाचकांना ठाऊक असेल: अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशेब कोकण किनाऱ्यापुरता खरा आहे आणि राजा अंपात ज्या पापुआत मोडते तेथे तो जसाच्या तसा नेता येत नाही, कारण भरतीची घटका त्या त्या किनाऱ्याच्या व समुद्रतळाच्या ठेवणीप्रमाणे बदलते. मात्र त्यामागची दुसरी जाण सर्वत्र उपयोगी पडते: पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येऊन पाणी जास्त चढते-उतरते आणि प्रवाह जोरात असतो, तर अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीत चढउतार कमी असल्याने प्रवाह मंदावतो. प्रवासाच्या तारखा निवडण्यास वाव असेल, आणि आपला अनुभव बेताचा असेल, तर पंचांग उघडून शुद्ध किंवा वद्य अष्टमीच्या मागचे-पुढचे दोन-तीन दिवस धरावेत.

दुसरा गैरसमज चढउताराच्या उंचीविषयी आहे. मुंबईत उधाणाचे पाणी साडेचार-पाच मीटरांपर्यंत चढलेले पाहणाऱ्यांना राजा अंपातमधला सुमारे दीड-दोन मीटरांचा फरक किरकोळ वाटतो. परंतु अरुंद वाटेतील वेग केवळ पाणी किती चढले यावर ठरत नाही. वाटेच्या दोन टोकांना, म्हणजे काबुई उपसागराच्या बाजूला आणि पलीकडच्या समुद्राच्या बाजूला, एकाच क्षणी पाण्याची पातळी किती वेगळी आहे यावर तो ठरतो. दोन्ही बाजूंना भरती एकाच वेळी येत नाही. त्यामुळे थोडासा फरकही त्या चिंचोळ्या तोंडातून पाणी वेगाने ओढतो.

यातूनच तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट निघते: पूर्ण भरतीची वेळ म्हणजे पाणी थांबण्याची वेळ नव्हे. काही किनाऱ्यांवर या दोन वेळा जवळजवळ येतात, पण समुद्रवाटेत दोन टोकांच्या पातळ्या समान होतात तेव्हाच प्रवाह थांबतो आणि ती घटका भरतीच्या तक्त्यात छापलेल्या वेळेच्या बरीच आधी किंवा नंतर येऊ शकते. म्हणून मोबाइलमधील भरतीचे अॅप पाहून स्वतःच वेळ ठरवू नये. त्या वाटेत वर्षानुवर्षे होडी हाकणारा स्थानिक चालक आणि तेथे नेहमी उतरणारा वाटाड्या यांनी सांगितलेली वेळ विचारावी, आणि उतरण्यापूर्वी दहा मिनिटे होडी थांबवून पाण्याकडे पाहावे. तरंगणारे पान कोणत्या बाजूला किती वेगाने जाते, खडकांमागे भोवरे उठतात का, मुळांपाशी पाणी फुगून वळते का, या तीन खुणा कोणत्याही तक्त्यापेक्षा विश्वासार्ह आहेत.

वेगाचा अंदाज आकड्यांत ठेवणेही उपयोगाचे आहे. एक नॉट प्रवाह म्हणजे मिनिटाला सुमारे ३१ मीटर. साहित्य अंगावर असताना सामान्य पाणबुड्याला याविरुद्ध फार वेळ पोहता येत नाही. तीन नॉट असल्यास मिनिटाला ९० मीटरांहून अधिक अंतर कापले जाते, म्हणजे मुखवटा सारखा करण्यात गेलेल्या दहा सेकंदांत जोडीदार १५ मीटर दूर गेलेला असतो. शिवाय वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा पाण्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे “थोडासाच जास्त आहे” हे शब्द प्रवाहाच्या बाबतीत फसवे ठरतात.

आपल्यापुढील पर्याय

१. पाणी थांबण्याच्या घटकेतील बुडी. छायाचित्रकार, समुद्री गोगलगायी व इतर लहान जीव पाहणारे, आणि कमी अनुभवाचे पाणबुडे यांच्यासाठी हाच योग्य पर्याय होय. हा अवधी अनेकदा अर्ध्या तासाहूनही लहान असतो, म्हणून पूर्ण साहित्यानिशी तयार राहून तो गाठावा लागतो.

२. प्रवाहाबरोबर वाहत जाणे. पुरेसा अनुभव असलेल्यांना यात मोठा आनंद आहे, परंतु होडी वरून सतत बरोबर चालणे अनिवार्य आहे. नांगरलेल्या होडीवरून अशी बुडी मारू नये.

३. केवळ स्नॉर्कल. मुळांच्या सावलीत फिरणारे आणि पाण्याची पिचकारी उडवून फांदीवरचा कीटक पाडणारे धनुर्धारी मासे पाहण्यासाठी टाकीची गरजच नसते. मात्र हेही थांबलेल्या पाण्यातच करावे.

४. होडीतून किंवा कयाकमधून पाहणे. प्रवाह जास्त असेल तर हा पर्याय कमीपणाचा मानू नये. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस १८६० मध्ये तांबड्या नंदनपक्ष्याच्या शोधात या बेटांवर आला व गाम बेटावरील बेसिर येथे राहिला, तेव्हा या बेटांमधला त्याचा प्रवासही होडीतूनच झाला होता.

पाण्यात असताना

वाटेच्या मध्यभागातून होड्या जातात, म्हणून वर येताना नेहमी काठाच्या बाजूने, पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबून आणि एसएमबी आधी वर सोडून यावे. काठाजवळ खडकामागे प्रवाह मंद असतो. दमछाक होऊ लागल्यास विरुद्ध दिशेने झुंजण्याऐवजी तिरके पोहत त्या आडोशाला जावे. जोडीदार एक मिनिट शोधूनही सापडला नाही तर दोघांनीही वर यावे, हा नियम येथेही तोच आहे. दाबमापक ५० बार दाखवू लागण्याच्या आत होडीवर असावे, आणि हे गणित उतरतानाच करून ठेवावे.

उथळ बुडी शरीराला सौम्य असते ही समजूतही तपासून घ्यावी लागते. पृष्ठभागापासून १० मीटरांवर दाब दुप्पट होतो आणि त्यानंतर कोठेही इतक्या थोड्या अंतरात तो दुप्पट होत नाही. म्हणजे श्वास रोखून झटकन वर येण्याने फुप्फुसांना होणारी इजा उथळ पाण्यातही घडू शकते. मुळांमधले मासे पाहण्यासाठी वर आणि प्रवाळासाठी पुन्हा खाली अशा वारंवार खेपा या जागी सहज होतात. त्या टाळून बुडीचा खोल भाग आधी आणि मुळांचा भाग शेवटी ठेवावा. काठाला गुहाही आहेत; ज्या गुहेतून बाहेरचा उजेड दिसत नाही तिच्यात विशेष प्रशिक्षणाशिवाय शिरू नये.

मगरीविषयी

हा विषय टाळून लिहिणे वाचकांवर अन्याय करणारे ठरेल. खाऱ्या पाण्यातील मगर ही कांदळवनाची रहिवासी आहे. राजा अंपातच्याच मिसूल भागातील खारफुटीत एका पाणबुड्यावर मगरीने हल्ला केल्याची घटना घडलेली असून तो बचावला. अंदमानात हॅवलॉक, म्हणजे आजचे स्वराज द्वीप, येथे २०१० मध्ये स्नॉर्कल करणारी एक पर्यटक स्त्री अशाच हल्ल्यात मरण पावली. धोका क्वचितचा असला तरी त्यावर उपाय साधे आहेत. पहाटे, संध्याकाळी आणि रात्री खारफुटीजवळ पाण्यात उतरू नये, पाणी गढूळ असेल तर उतरू नये, पृष्ठभागावर रेंगाळू नये, आणि अलीकडे मगर दिसली का हे होडीचालकाला व जवळच्या गावात दरवेळी विचारावे. “मागच्या आठवड्यात दिसली होती” असे उत्तर आले तर त्या दिवशीचा बेत रद्द करावा.

जागेची आणि तेथील लोकांची मर्यादा

मोकळ्या प्रवाळभिंतीवर प्रवाहात टिकण्यासाठी काही पाणबुडे दोरी लावलेला हुक वापरतात. या वाटेत मृत, उघडा खडक फारच थोडा असून बहुतेक पृष्ठभाग सजीवांनी झाकलेला आहे, त्यामुळे येथे हुक न वापरणेच योग्य. कांदळाच्या मुळांना धरू नये. त्यांच्यावर स्पंज, शिंपले आणि कोवळे प्रवाळ वाढतात आणि एका हाताच्या पकडीत ते खरवडले जातात. फिन्सने उडवलेला गाळही येथे प्रवाळाचे नुकसान करतो.

येथील समुद्रावर पापुअन कुळांचे पारंपरिक हक्क आहेत. ठरावीक काळासाठी एखादा भाग मासेमारीस बंद ठेवण्याची ‘सासी’ ही प्रथा मालुकू आणि पापुआत आजही पाळली जाते, आणि पाहुण्यांनाही ती लागू समजावी. शक्य असल्यास गाम, क्री, मान्सुआर या बेटांवरील स्थानिक कुटुंबांच्या होमस्टेमध्ये उतरावे, कारण ज्यांच्या पाण्यात आपण उतरतो त्यांच्या हाती त्यामुळे काही पैसा पडतो आणि पाण्याची सर्वांत अचूक माहितीही त्यांच्याकडेच असते.

कागदपत्रे, विमा आणि औषधे

- भारतीय पारपत्रधारकांना इंडोनेशियात आगमनानंतर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो आणि तो एकदा वाढवता येतो. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी.
- सोराँगपर्यंत विमानाने व तेथून वैसाईपर्यंत सुमारे दोन तास फेरीबोटीने जावे लागते. सागरी संरक्षित क्षेत्राचे प्रवेशपत्र वेगळे घ्यावे लागते. त्याचे शुल्क वेळोवेळी बदलत असल्याने आरक्षण करतानाच रक्कम लेखी विचारावी.
- भारतातील अनेक प्रवास विमा योजना साहसी खेळांना वगळतात किंवा खोलीची अट घालतात. ‘स्कूबा’ हा शब्द, खोलीची मर्यादा आणि दाबकक्षातील, म्हणजे बुडीनंतरच्या आजारावरील खास कक्षातील, उपचार व रुग्णहलवणी यांचा खर्च पॉलिसीत स्पष्ट लिहिलेला आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी वाचावे.
- पापुआत मलेरिया आहे. प्रतिबंधक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे, पण आपण बुड्या मारणार आहोत हे त्यांना आवर्जून सांगावे; मेफ्लोक्विनमुळे येणारी चक्कर बुडीनंतरच्या आजाराच्या लक्षणांशी मिळतीजुळती असल्याने पाणबुड्यांना ते सहसा दिले जात नाही.

आपले हक्क

कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता बुडी सोडून देण्याचा हक्क प्रत्येक पाणबुड्याला आहे, आणि होडीतील इतरांचा वेळ वाया जाईल या संकोचाने तो सोडू नये. वाटाड्याचे प्रमाणपत्र, होडीवरील प्राणवायूची टाकी आणि प्रथमोपचाराची पेटी पाहण्याची मागणी करणे यात उद्धटपणा नाही. चालू स्थितीतला सर्वांत जवळचा दाबकक्ष कोठे आहे आणि तेथे पोहोचायला किती तास लागतात, याचे उत्तर आयोजकाला तात्काळ देता आले पाहिजे. जबाबदारीमुक्तीचा करार आणि प्रकृतीची प्रश्नावली किनाऱ्यावर शांतपणे वाचून भरावी. दमा, हृदयविकार किंवा फिट्स यांची माहिती लपवल्यास विम्याचा दावाही नाकारला जाऊ शकतो. प्रवाहामुळे बुडी रद्द झाल्यास पैसे परत मिळणार, दुसरी जागा मिळणार की काहीच नाही, हे आगाऊ रक्कम देतानाच लेखी घ्यावे.

सहल भारतातील आयोजकामार्फत घेतली असेल आणि कबूल केलेली सेवा मिळाली नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ती ऐकतो. प्राथमिक मदतीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. परदेशी आयोजकाशी थेट व्यवहार केल्यास हा मार्ग प्रत्यक्षात फार अवघड होतो, त्यामुळे तेव्हा लेखी अटींचे महत्त्व अधिकच वाढते.

परतीच्या विमानापूर्वी

सोराँगहून निघणाऱ्या विमानाची वेळ पाहूनच शेवटच्या बुडीचा दिवस ठरवावा. एकाच बुडीनंतर किमान १२ तास, आणि अनेक दिवस किंवा दिवसातून अनेक बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये. बहुतेक वाचक दुसऱ्या प्रकारात मोडतील आणि त्यांनी पूर्ण २४ तास ठेवणे अधिक सुरक्षित. या काळात सांधेदुखी, अंगावर चट्टे, मुंग्या, बधिरपणा, असाधारण थकवा किंवा चक्कर जाणवल्यास ती प्रवासाची दगदग मानून विमान गाठण्याची घाई करू नये. तिकीट पुढे ढकलून, शुद्ध प्राणवायू मिळत असेल तर तो घेत, बुडीची वेळ व खोली नोंदलेला संगणक बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे.